तुरुंग, व्यसनमुक्ती केंद्र आणि मेडिसिनचा वॉर्ड

महाराष्ट्रात अमली पदार्थांचा विषय निघाला की चर्चा छाप्यांवर आणि जप्त मालाच्या किमतीवर होते. व्यसनी माणसाचे काय करायचे, याला तुरुंग किंवा व्यसनमुक्ती केंद्र अशी दोनच उत्तरे गृहीत धरली जातात. बोस्टनजवळच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करताना मला रोज दिसणारा साधा मेडिसिनचा वॉर्ड या चर्चेत क्वचितच येतो.

हेरॉइन किंवा फेंटानिल टोचून घेणारा माणूस इथे पुष्कळदा दाखल होतो तो हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला म्हणून, आणि त्याला सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा घाम, जुलाब आणि अंगाची तगमग, जोरात आली, की असे रुग्ण सलाइन काढून निघून जातात. पहिल्या दिवसापासून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही हेरॉइनच्याच अफूवर्गातली, पण टर्की शमवणारी औषधे दिली, तर तोच माणूस खुर्चीत बसून बोलू शकतो, आणि वॉर्डातच भरणाऱ्या आमच्या रुग्णांच्या गटाचे काम तिथून सुरू होते.

आमच्या बैठकीला लोक सलाइनचे स्टँड ढकलत येतात. मध्येच कुणाच्या पंपाचा गजर वाजतो, नर्स तो बंद करते आणि अर्धे राहिलेले वाक्य पुढे चालू होते. खरेच दुखत असताना औषध मागितले आणि समोरच्याने संशयाने पाहिले, तर काय करावे? घरी सोडल्यावर पहिली रात्र कुठे काढायची? नशेपासून काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस जीव घेऊ शकतो, हे डॉक्टर सांगतातच. पण त्यातून वाचलेला शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतो, तेव्हा ते पटते.

अमेरिकेचे गोडवे गाण्यासारखे यात फारसे नाही. १९९६ साली आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीचा प्रचार व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून झाला. पुढे २०२१ ते २०२३ या काळात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दरवर्षी एक लाखाहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक अफूवर्गीय द्रव्यांनी. तरीही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी लागणारी खास परवानगी रद्द व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. अशा वेदनाशामक गोळ्यांसाठी मात्र अशी खास परवानगी कधीच लागली नव्हती.

गटाच्या बाबतीत आपण मुळीच मागे नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणारा 'रुग्णमित्र' असतो आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो. आमच्या गटात आईला किंवा बायकोला जागा नाही, आणि हे उणेपण मला इथे सतत जाणवते.

आपल्याकडे अडते ते औषधापाशी. 'एक व्यसन सोडवून दुसरे लावता का?' असे पुण्यातले नातेवाईक विचारतात (नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एन.ए., या व्यसनींच्या स्वमदत गटातले इथले काही जुने लोकही विचारतात). अफूवर्गीय व्यसनात निव्वळ निर्धारावर आणि गटावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण सहनशक्ती उतरल्यानंतरची एक घसरणही प्राणावर बेतते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात अशी द्रव्ये घेणारे सुमारे २.२६ कोटी लोक आहेत. ते सगळे व्यसनमुक्ती केंद्राच्या दारात येणार नाहीत, पण गळू, कावीळ किंवा अपघात यांपायी सरकारी रुग्णालयात त्यांतले कितीतरी येतात. ससून किंवा केईएमच्या मेडिसिन वॉर्डात आठवड्यातून दोनदा अशी बैठक घ्यायला नवी इमारत लागत नाही. ब्युप्रेनॉर्फिन मात्र दाखल होतानाच सुरू व्हायला हवे, आणि पुढचा डोस कोणत्या केंद्रात, कोणत्या दिवशी मिळणार, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले हवे.