बारोलोच्या दोन बाटल्या

"राहू दे, मुरली की अजून छान लागेल," असं म्हणून हॉलच्या शोकेसमध्ये उभी ठेवलेली रेड वाइन आपल्याकडे बऱ्याच घरांत दिसते. कृपया ती आजच पिऊन टाका. बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत प्यायच्याच असतात.

खरोखर मुरणाऱ्या थोड्याच. बारोलो त्यातली. इटलीच्या पिएमोंतेमधली, नेबिओलो द्राक्षाची. तिथल्या नियमानुसार किमान 38 महिने मुरवल्याशिवाय ती विकताच येत नाही, त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. माझ्याकडे 2010 च्या दोन होत्या. एक पुण्याला मावसभावाच्या वाइन फ्रिजमध्ये, 14 अंशांवर आडवी. दुसरी आंजर्ल्याला आमच्याकडे, तशाच फ्रिजमध्ये. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या, वीज यायला कित्येक आठवडे लागले. तेव्हा बाटली कुणाला आठवते? फ्रिज पुन्हा चाललाच नाही आणि बाटली फडताळात गेली.

यंदा जानेवारीत भाऊ त्याची बाटली घेऊन आला. गाळ बसावा म्हणून दोन दिवस उभी ठेवली, मग दोन्ही एकत्र उघडल्या. त्याच्या वाइनला कडेने विटकरी झाक, वास सुकल्या गुलाबाचा आणि डांबराचा. सुरुवातीला सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळली, तासाभराने तीच वाइन मऊ झाली. कमी तिखटाच्या सुक्या मटणाबरोबर तर फारच सुंदर लागली. आमच्या बाटलीचं बूच वर सरकलेलं. वास शिजवलेल्या मनुकांचा, चव सपाट. ओतून टाकताना पोटात तुटलं.

दोष दमट हवेला देऊ नका. दमटपणाने फार तर लेबलला बुरशी येते, बूच मात्र सुकत नाही. वाइन मारते ती उष्णता. तापलं की आतली वाइन फुगते, बूच ढकलते. गार झालं की हवा आत ओढली जाते. असे किती उन्हाळे गेले त्या फडताळात!

आणि 'रूम टेंपरेचरला प्या' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. आपल्या खोलीत 30 अंश असतात. रेडसुद्धा अर्धा तास साध्या फ्रिजमध्ये ठेवून मगच ओता.

2016 ची एक घेतली आहे. ती पुण्यालाच राहील. उघडायच्या दिवशी मी घाट चढून जाईन.