गाड्यांची गुणवत्ता यादी कशी लावावी

कोणती गाडी विम्याच्या दृष्टीने जोखमीची आणि कोणती निर्धोक, हे ठरवायला विमा कंपन्या वर्षानुवर्षांचे क्लेम चाळत बसतात. तुम्ही त्या फंदात पडू नका. ब्रिटनमध्ये एमओटी नावाची वार्षिक तपासणी असते आणि तिचे निकाल तिथलं सरकार फुकट उपलब्ध करून देतं. कोट्यवधी ओळी. मॉडेल, इंधन, इंजिनाची क्षमता, पहिल्या वापराची तारीख, ओडोमीटरचा आकडा, पास की नापास. फाइल उतरवून घ्या, मॉडेलवार नापासांची टक्केवारी काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि वर ठळक अक्षरांत लिहा: ‘विमा उतरवण्याआधी हे वाचा’. झालात तुम्ही तज्ज्ञ.

चालक कोण, त्याचं वय काय, गाडी कधी कुठे धडकली का, भरपाई किती द्यावी लागली, यातलं एक अक्षर त्या फाइलीत नाही. बरंच आहे. तेवढाच पसारा कमी.

आधी नापास कोणाला म्हणायचं ते ठरवून घ्या. म्हणजे यादी हवी तशी वाकवता येते. तिथे पास आणि नापास यांच्या मधोमध एक तिसरा निकाल असतो: तपासणीत दोष सापडला, पण गॅरेजवाल्याने तासाभरात तो जागच्या जागी काढला, म्हणून पास. नंबरप्लेटवरचा बल्ब, वायपरचं रबर अशी कामं यात येतात. आवडत्या कंपनीच्या गाड्यांसाठी हा निकाल पासांत धरा, नावडत्यांसाठी नापासांत. कुणी हटकलंच तर सांगा, सरकारसुद्धा दोन्ही टक्केवाऱ्या वेगवेगळ्या छापतं. हे खरं आहे, त्यामुळे समोरचा गप्प बसेल. एकाच यादीत दोन्ही पद्धती मिसळल्या आहेत, इथपर्यंत तो पोचत नाही.

गाड्या वयानुसार मात्र अजिबात वेगळ्या करू नका. केल्या तर काय होतं पाहा. समजा ‘अ’ मॉडेलच्या ३ वर्षांच्या गाड्या १० टक्के नापास होतात आणि १० वर्षांच्या ४० टक्के. ‘ब’ मॉडेलचे हेच आकडे १२ आणि ४५. म्हणजे तरुण असो वा म्हातारी, गाडी ‘अ’चीच बरी. पण ‘अ’च्या हजार गाड्यांतल्या ९०० जुन्या आहेत आणि ‘ब’च्या हजारांतल्या ९०० नव्या. सगळ्या एका पोत्यात ओता: ‘अ’ ३७ टक्के नापास, ‘ब’ जेमतेम १५ टक्के. दोन्ही वयांत हरलेली गाडी एकूणात दणदणीत जिंकली! असा चमत्कार वयोगट पाडले की हातचा जातो. जर्मनीत गाड्यांची अशीच तपासणी करणारे ट्यूफवाले आपल्या वार्षिक अहवालात गाड्या वयोगटांनुसारच मांडतात. त्यांना दुसरी कामं नसावीत.

त्याच ट्यूफच्या अहवालात पोर्शे ९११ वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असते. साहजिक आहे. ती बहुधा छपराखाली उभी असते, कमी फिरते आणि मालक तिची मुलासारखी काळजी घेतो. तुमच्या शास्त्रानुसार तिचा विमा सगळ्यात स्वस्त हवा. ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांनी मात्र १ ते ५० या गटांच्या उतरंडीत तिला ५०च्या, म्हणजे सगळ्यात महागड्या टोकाला नेऊन बसवलं. त्या बघत होत्या तिचा वेग, तिचे सुटे भाग केवढ्याचे आणि ठोकली तर दुरुस्तीला किती लागतात ते. ब्रेक उत्तम असल्याचं प्रमाणपत्र समोर असताना असला हिशेबीपणा! धंदेवाईक माणसं, दुसरं काय.

यादीला जरा रंगत हवी असेल तर फाइलीत गाडीच्या रंगाचाही कॉलम आहे. एवढ्या ओळींत कुठला तरी रंग पहिला येणारच. आला की कारण शोधायला दहा मिनिटं पुरतात. आणि सर्वात सुरक्षित गाड्यांचा मान द्या चाळिशी ओलांडलेल्यांना. फारसा बदल न केलेल्या ४० वर्षांपुढच्या गाड्यांना २०१८ पासून तिथे ही तपासणी सक्तीची नाही. तपासणीला गेलीच नाही ती गाडी नापास कशी होईल? तीन वर्षांच्या आतल्या गाड्यांचंही तेच. त्यांची पहिली तपासणीच तिसऱ्या वर्षी होते.

एका ठिकाणी मात्र सांभाळून. एकाच गाडीचे लागोपाठच्या दोन तपासण्यांतले ओडोमीटरचे आकडे एकमेकांतून वजा केले तर ती वर्षाला किती धावते ते कळतं. जास्त धावणारी गाडी जास्त वेळ रस्त्यावर असते, म्हणून हा आकडा जोखमीच्या बराच जवळ जातो. हा नाद सोडा. वजाबाकीतून मथळा निघत नाही. शिवाय एकदा हे सुरू केलं की पुढचे प्रश्न सुचायला लागतात: जो तपासणीच्या आदल्या आठवड्यात टायर बदलतो त्याची गाडी पास आणि जो तशीच नेतो त्याची नापास, तर मग आपण गाडी मोजली की मालक? १.६ मिलिमीटरची किमान खाच राखून सोमवारी पास झालेला टायर त्या महिन्याच्या अखेरीस कसा असेल? असल्या प्रश्नांनी माणूस हळवा होतो आणि यादी अर्धवट राहते.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याची २००५ ते २००७ मधल्या अपघातांची एक पाहणीही कुणीतरी तुमच्या तोंडावर फेकेल. अपघाताआधीच्या घटनाक्रमातलं शेवटचं कळीचं कारण अंदाजे ९४ टक्के अपघातांत चालकाकडे होतं आणि जेमतेम २ टक्क्यांत गाडीकडे, असं ती सांगते. घाबरू नका. शेवटचं कारण म्हणजे एकमेव कारण नव्हे, असा बारीक मुद्दा तिथल्याच लोकांनी करून ठेवलाय. त्या एका वाक्याच्या आडोशाला तुमची अख्खी यादी उभी राहते.

यादी छापल्यावर कुणीतरी विचारेलच की यातल्या किती गाड्यांना खरोखर अपघात झाला. त्याला सांगा, तो कॉलम पुढच्या आवृत्तीत येतोय.