वार पडायची वाट पाहू नका, चीक आधी पाजा

एक मजकूर गेले काही महिने मोबाइलवरून फिरतो आहे. मला तो गोठेवाल्यांनी पाठवला, एका औषध-प्रतिनिधीने पाठवला, आणि जनावरांवर उपचार करणाऱ्या दोन सहकाऱ्यांनीही 'चांगली माहिती आहे' म्हणून पुढे ढकलला. याचं मला जास्त वाईट वाटलं. मजकुराचं सार असं: गाय-म्हैस व्याल्यावर वार (गर्भाला आईशी जोडणारं आवरण) पडेपर्यंत चीक (व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध) काढू नये, वासराला पाजू नये, आधी काढला तर वार आत अडकते. पहिला चीक जड असतो, जास्त पाजला तर हगवण लागते. वासराला आईपाशी मोकळं सोडलं की ते गरजेपुरतं आपोआप पितं. उशीर झालाच तर अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन दिलं की भागतं. आणि कास पूर्ण मोकळी केली तर जनावर दुग्धज्वराने (रक्तातलं कॅल्शियम घटून येणाऱ्या आजाराने) बसतं.

शेवटच्या विधानात थोडं तथ्य आहे, त्याकडे शेवटी येते. पहिल्या विधानाने मात्र वासरं मरतात, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

वार गर्भाशयाला सगळीकडून चिकटलेली नसते. ती शंभरेक ठिकाणी गुंतलेली असते. गर्भाशयाच्या बाजूची गाठ म्हणजे कॅरंकल, वारेच्या बाजूची कॉटिलेडन. एका हाताची बोटं दुसऱ्यात अडकवावीत तशी ही गुंतवण असते. ती सुटण्यासाठी आतलं कोलॅजन विरघळावं लागतं, आणि आईच्या पांढऱ्या पेशींनी वारेला परकी म्हणून ओळखून तिथे धाव घ्यावी लागते. ज्या जनावरांची वार पुढे अडकते त्यांच्या पांढऱ्या पेशींचं काम व्यायच्या दोनेक आठवडे आधीपासूनच मंदावलेलं आढळलं आहे. म्हणजे वार अडकणार की नाही याची तयारी चीक काढण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. जुळी, गर्भपात, दिवस भरण्याआधी झालेली प्रसूती, ओढून काढलेलं वासरू, रक्तातलं कमी कॅल्शियम, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची कमतरता, ब्रुसेलोसिस ही वार अडकण्याची ओळखीची कारणं. चीक काढणं या यादीत कुठेच नाही.

उलट सडाला वासराचं तोंड लागलं किंवा धार काढायला हात लागला की आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. पान्हा त्यानेच येतो आणि गर्भाशयही त्यानेच आकुंचन पावतं. पण चीक पाजला की वार लगेच पडेलच असंही मी सांगणार नाही. गुंतवण सुटलेली नसेल तर नुसत्या आकुंचनाने वार पडत नाही. म्हणूनच अडकलेल्या वारेवर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन फारसं भरवशाचं ठरलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की चीक काढल्याने वार अडकत नाही.

आता वेळेचा हिशेब. वार साधारणपणे बारा तासांच्या आत पडते. चोवीस तास उलटले तरी पडली नाही तर आपण ती अडकली असं म्हणतो, आणि हाताने ओढून न काढता तशीच ठेवली तर पडायला आठवडाही लागतो. इकडे वासराच्या आतड्याचं काय चाललेलं असतं? माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं गर्भातच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडी, डुकरीण यांच्या वारेतून ती जात नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात आईची ही प्रतिपिंडं, म्हणजे संरक्षक ग्लोब्युलिनं, जवळजवळ शून्य असतात. (कुत्री-मांजरीच्या वारेतून थोडी जातात, पण पिल्लांचा मुख्य साठा चीकातूनच येतो. त्यामुळे पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात बसणाऱ्यांनीही हे परकं समजू नये.) चीकातली ही मोठाली ग्लोब्युलिनं न पचवता, अखंड रक्तात उचलण्याची ताकद आतड्याला जन्मानंतर काही तासच असते. चार-सहा तासांनी ती झपाट्याने उतरू लागते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. त्यानंतर पाजलेला चीक आतड्यात स्थानिक संरक्षण देतो, पोषण देतो, पण रक्तात जात नाही.

वारेचा आणि आतड्याचा एकमेकांशी काही संबंध नाही. मजकूर मात्र एकाला दुसऱ्याच्या दावणीला बांधतो. त्याने कुणाचं नुकसान होतं ते पाहा. वार कुणाची अडकते? जुळी झालेल्या, अडलेल्या, दिवस न भरलेल्या गाईची. तिचं वासरू कसं असतं? अशक्त, दमलेलं, चोखायला त्राण नसलेलं. म्हणजे ज्या वासराला चीकाची सगळ्यांत जास्त निकड, नेमक्या त्याच वासराला हा सल्ला उपाशी ठेवतो.

एक सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहिलारू गाय रात्री अकराच्या सुमारास व्याली होती, वासरू दोघांनी धरून ओढून काढलं होतं. 'वार पडत नाही' म्हणून मला बोलावलं, मी पोहोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. वार लोंबत होती, कास तट्ट भरलेली, एका सडातून चीक आपोआप ठिबकत होता आणि खालचं गवत पिवळं झालं होतं. कोपऱ्यात पोत्यावर कालवड पडलेली. तोंडात बोट घातलं तर जीभ गार, चोखण्याची हालचाल नाही. "हिला काय पाजलंत?" मी विचारलं. "काहीच नाही मॅडम, वार पडली नाही ना अजून." ते गृहस्थ निष्काळजी नव्हते. रात्रभर जागे होते, कालवडीच्या अंगावर घरातली गोधडी घातली होती. मोबाइलवर वाचलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. तिला ऊब दिली, नळीने चीक दिला, पण साडेदहा तास गेलेले होते. दोन दिवसांनी तिच्या रक्तातल्या सीरमची प्रथिनं रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून प्रमाण सांगणाऱ्या उपकरणावर) पाहिली: 4.4 ग्रॅम प्रति डेसिलिटर. निदान 5.2 असायला हवी होती. पाचव्या दिवशी हगवण लागली, सातव्या दिवशी ती गेली. गाईची वार त्याआधीच, तिसऱ्या दिवशी, आपोआप पडून गेली होती.

चीक जड असतो आणि त्याने हगवण लागते, हे दुसरं विधान. ते टिकून राहतं कारण डोळ्यांना तसं दिसतं. चीक पोटात गेला की आतली पहिली काळपट, चिकट विष्ठा बाहेर पडते आणि नंतर पिवळसर, पातळसर शेण दिसतं. ती हगवण नव्हे. खरी हगवण जंतूंमुळे लागते, आणि कोणता जंतू वासराच्या कुठल्या वयात येतो हेही बरंचसं ठरलेलं आहे: पहिल्या चार-पाच दिवसांत के-99 जातीचा ई. कोलाय, पुढे दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रोटा व्हायरस, कोरोना व्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम. यांच्याविरुद्ध ढाल आहे ती चीकाचीच. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या संशोधकांनी 1922 मध्येच दाखवलं होतं की चीकाविना वाढवलेली वासरं पहिल्या काही दिवसांत जंतुसंसर्गाने मरतात आणि चीक मिळालेली तगतात. शंभर वर्षं झाली याला. गाभण जनावराला शेवटच्या टप्प्यात रोटा-कोरोना-ई. कोलायची लस आपण देतो, तिचा वासराला होणारा सगळा फायदाही चीकाच्याच वाटेने जातो. लस द्यायची आणि चीक अडवायचा, मग ती लस वासरापर्यंत पोहोचणार कशी?

एक गोष्ट मात्र खरी आहे. घाणेरड्या बादलीतला, तासन् तास उबेला ठेवलेला चीक पाजला तर वासरू आजारी पडतं. जंतू त्यात झपाट्याने वाढतात, आणि तेच जंतू ग्लोब्युलिनं रक्तात शिरण्यातही अडथळा आणतात. तिथे चूक भांड्याची आहे. सड धुऊन-पुसून, स्वच्छ भांड्यात काढावा, लगेच पाजावा. लगेच पाजायचा नसेल तर थंड करावा. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस, खोल गोठवून वर्षभर टिकतो. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडं ठेवून वितळवावा. विस्तवावर ठेवला तर तो फाटतो आणि प्रतिपिंडं निकामी होतात. कळपात चीकातून पसरणाऱ्या रोगांची शंका असेल तर 60 अंश सेल्सिअसवर 60 मिनिटं तापवण्याची पद्धत आहे. त्याहून जास्त तापमान नको.

'थोडाच पाजावा' याला उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. वासराच्या वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या दोन तासांत जावा. तीस किलोच्या वासराला तीन लिटर. पुढच्या बारा तासांच्या आत आणखी पाच टक्के. पोट फुटेल ही भीती अनाठायी आहे. वासराचं खरं पोट, म्हणजे चौथा कप्पा, ताणला जातो, आणि नळीने दिलेल्यातला काही भाग पहिल्या कप्प्यात गेला तरी काही तासांत पुढे सरकतो. नळी घालणं मात्र शिकलेल्या हाताचं काम. श्वासनलिकेत गेली तर वासरू तिथेच संपतं.

चीक घट्ट आणि पिवळा दिसला की उत्तम, असंही त्या मजकुरात ओझरतं म्हटलंय. रंगावर जाऊ नका. पिवळेपणा कॅरोटिनचा; म्हशीचा चीक फिकट असतो म्हणून तो हलका ठरत नाही. एक थेंब ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर टाका (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घटकांचं प्रमाण दाखवणारं माप). 22 किंवा त्याहून वर वाचन आलं तर लिटरमागे सुमारे 50 ग्रॅम ग्लोब्युलिन आहे असं धरता येतं. खिशात मावणारं साधं उपकरण आहे, आणि तेच पुढे वासराच्या सीरमलाही चालतं, तिथे ब्रिक्स 8.4 च्या खाली आलं तर संरक्षण अपुरं. वार पडायची वाट पाहण्यात इथेही तोटा आहे. व्याल्यावर कासेत दूध उतरू लागतं आणि आधीचा चीक पातळ होत जातो. म्हणजे उशिराने पाजलेला चीक दोन्हीकडून कमी पडतो: त्यात ग्लोब्युलिनं कमी, आणि आतडं ती कमी उचलतं.

वासरू आपोआप पितं यावर फार लिहीत नाही. धडधाकट वासरू, बेताची कास, शांत आई असेल तर पितं. लोंबती कास, जाड सड, लाथ मारणारी पहिलारू आणि अडून जन्मलेलं वासरू असेल तर ते सडापर्यंत पोहोचतच नाही, आणि आपण समजतो प्यायलं. वासराला आईपाशी ठेवायला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती न पाहता गृहीत धरण्याला. बाटलीने पाजलं तर निदान किती गेलं ते कळतं.

अँटिबायोटिकच्या सुईचं विधान वाचून मला राग येतो, कारण ते लिहिणाऱ्याला औषधांची नावं माहीत आहेत. चीकातल्या ग्लोब्युलिनांचं काम अँटिबायोटिक करत नाही. रोटा व्हायरसवर ते चालतच नाही, क्रिप्टोस्पोरिडियमवरही नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत. जन्मलेल्या प्रत्येक वासराला सुई टोचत गेलो तर गोठ्यात दाद न देणारे जंतू तेवढे वाढतील. चीक चुकलेल्या वासराला सशक्त, निरोगी दात्याचं प्लाझ्मा शिरेतून देता येतं, पण ते दवाखान्यातलं, वेळखाऊ आणि अपुरं काम आहे. पहिल्या दोन तासांतले तीन लिटर त्याहून कितीतरी सोपे.

राहिला दुग्धज्वर. इथे मजकुरात तथ्याचा अंश आहे. गाईच्या रक्तात फिरतं कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅम असतं, आणि एका लिटर चीकात दोन ग्रॅमच्या वर. दहा लिटर काढले तर वीस ग्रॅमहून जास्त. ऐकायला भयंकर वाटतं. पण कासेत साठलेल्या चीकातलं कॅल्शियम रक्तातून आधीच निघून गेलेलं असतं. तो आत ठेवल्याने ते परत येत नाही. कास रिकामी झाल्यावर नव्याने दूध बनताना ओढ लागते, ती खरी. म्हणून तिसऱ्या किंवा पुढच्या वेताची, भरपूर दूध देणारी, आधी एकदा बसलेली गाय असेल तर पहिल्या खेपेला वासरापुरता चीक काढून उरलेला कासेत राहू देण्याला माझा विरोध नाही. त्यातून दुग्धज्वर हटकून टळतो असं मात्र नाही. अशा गाईला व्याल्याबरोबर तोंडावाटे कॅल्शियम द्यावं आणि पुढे अर्ध्या दिवसाने पुन्हा द्यावं. ती उभी आणि नीट गिळणारी असेल तरच. आडवी झाली असेल तर तोंडाने काहीही ओतू नये, डॉक्टरला बोलावून शिरेतूनच द्यावं. आणि डॉक्टर येईपर्यंत कुणीतरी एकाने वासरासाठी तिचा चीक काढून घ्यावा. गाय बसली म्हणून वासराचे तास थांबत नाहीत.