दगड फुटतो, वितळतो आणि वाहतोही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दगड एकतर फुटतो, नाहीतर वितळतो. जोशीमठच्या वाटेवर हेलंगजवळ, मेन सेंट्रल थ्रस्टच्या, म्हणजे हिमालयातले खडक ज्या मोठ्या भेगेवरून एकमेकांवर सरकले तिच्या, पट्ट्यात तो ‘कणकेसारखा मळला गेला’ असं मी लिहिलं, ती कविकल्पना. दगड खरंच वाहत असता तर हिमालयात भूकंप कशाला झाले असते?

कणकेबद्दल हार मानतो. लोहार आठवायला हवा होता. लोखंड १५३८ अंशांना वितळतं. पण त्याच्या कितीतरी आधी, नुसतं लालबुंद झालं की लोहार ते ठोकून लांबवतो. आतल्या स्फटिकांच्या जाळीतले दोष सरकत जातात, इतकंच. गारगोटीचं, म्हणजे क्वार्ट्झचं, हेच ३०० अंशांच्या आसपास सुरू होतं. किंचित पाणी मुरलेलं असेल तर आणखी सहज. मात्र लोहाराची घाई तिथे नाही. अशा पट्ट्यांसाठी नेहमी धरला जाणारा वेग घेतला, तर एक मीटर जाडीच्या थराची वरची बाजू खालच्या बाजूच्या पुढे वर्षाला जेमतेम ३ मायक्रॉन जाते. केसाच्या जाडीएवढं सरकायला वीसेक वर्षं, दहा लाख वर्षांत ३ मीटर. हातोडीला एवढा धीर कुठला?

बाकी तुमची चूक थोरामोठ्यांची आहे. चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एरिबॉलच्या अशाच खडकाला ‘मायलोनाइट’ म्हटलं, ते गिरणीच्या ग्रीक शब्दावरून. बारीक कण म्हणजे भरडलेलं पीठ, असं त्यांना वाटलं. नाव टिकलं, कारण टिकलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ छेद धरला की ताणलेल्या जुन्या क्वार्ट्झच्या कडेकडेनं नवे इवलेसे स्फटिक आलेले दिसतात. भरडलेला माल असा नसतो, त्याचे कण कोनेदार असतात. पण त्याच काचपट्टीवर शेजारचा फेल्डस्पार चक्क तडकलेला सापडतो, कारण त्याला वाहायला साधारण ४५० ते ५०० अंश लागतात. एकाच दगडातलं एक खनिज तुमच्या बाजूनं साक्ष देतं, दुसरं माझ्या! त्या फेल्डस्पारच्या डोळ्यांसारख्या गाठींना दोन्हीकडे शेपट्या फुटलेल्या असतात. त्यांच्या वळणावरून वरचा भाग दक्षिणेकडे सरकला हे कळतं.

वितळणंही झालंच आहे, पण ते आणखी वर, बद्रीनाथच्या बाजूला. तिथला पांढुरका ग्रॅनाइट वितळूनच झालेला आहे.

आता भूकंप. पृथ्वीच्या कवचाचा वरचा दहा-पंधरा किलोमीटरचा भाग थंड, म्हणून ठिसूळ. त्याखालचं संथपणे सरकत राहतं आणि वरच्या अडकून बसलेल्या भागावर ताण चढवत जातं. तो भाग एक दिवस सुटतो. म्हणजे तुम्ही माझ्याविरुद्ध मांडलेला पुरावा माझ्याच कामाचा निघाला.

हेलंगला जे आज रस्त्याकडेला दिसतं, ते एकेकाळी तितकं खोल होतं. वरचं सगळं झिजून गेलं. सह्याद्रीचे लाव्ह्याचे थर इतके खोल कधी गेलेच नाहीत, म्हणून आपल्या घाटात हे शोधू नका. मूळ लेखातली कणीक मात्र आज काढतो.