माणसे मोजता, अंतर कधी मोजणार?

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झाला, तो कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून. तरीही सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायला आजही सुमारे दोनशे किलोमीटर तुडवावे लागतात, याचा मनस्वी संताप येतो. 2011च्या जनगणनेनुसार इथे दर चौरस किलोमीटरला जेमतेम 74 माणसे राहतात, आणि ‘लोकसंख्या कमी आहे’ हेच कारण प्रत्येक मागणीच्या तोंडावर फेकले जाते. आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक आरोग्य उपकेंद्र, हा निकष कागदावर उदार वाटतो. पण तेवढी माणसे भरायला किती टोले, म्हणजे विखुरलेल्या वस्त्या, आणि किती नाले ओलांडावे लागतात, हे तो विचारतच नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि त्याच दिवसांत गरोदर बाईला खाटेची कावड करून चिखलातून न्यावे लागते. एका सहीसाठी पहाटे निघालेल्या म्हाताऱ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला सातबारा न उघडताच, ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ असे कसे सांगवते? त्याची परतीची एसटी दुपारीच निघून जाते, हे सांगणाऱ्याला पक्के ठाऊक असते.