संकल्प सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

पहाटे चालायला जाण्याची सवय आपल्याला लागूच नये अशी मनापासून इच्छा असेल, तर सुरुवात उद्यापासून कधीही करू नये. त्यासाठी सोमवार, एक तारीख किंवा सरळ गुढीपाडवा गाठावा. गुरुजी हातावर पाणी घालून संकल्प सोडायला सांगतात आणि आपण आठवडाभरात तो सोडून देतो. दोन्ही कृत्यांना एकच क्रियापद पुरवणाऱ्या आपल्या भाषेला माणसाच्या मनाची जाण मानसशास्त्राच्या कितीतरी आधीपासून असावी.

मुहूर्त ठरला की बूट घ्यावेत, आणि ते महागाचेच घ्यावेत. पैसे मोजताच अर्धे काम उरकल्याचे समाधान मिळते व उरलेल्या अर्ध्याची निकड राहत नाही. माझ्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणारी पांढरी पुडी अजून तशीच आहे. बुटांना घाम ठाऊक नसल्यामुळे तिलाही काम पडलेले नाही.

पुढची पायरी म्हणजे २१ दिवसांत सवय लागते या समजुतीवर श्रद्धा. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' गाळावा, चेहऱ्याच्या जागी पहाटेचे चालणे घालावे आणि बाविसाव्या दिवशीही गजर वैऱ्यासारखाच वाटला, तर दोष स्वतःच्या स्वभावाला द्यावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, कोणाला १८ तर कोणाला २५४, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. ही माहिती आपल्यापर्यंत पोहोचू देऊ नये, कारण खाडा हेच आपले मुख्य शस्त्र आहे.

पाऊस पडेल, पाहुणे येतील, खाडा होईलच. त्या क्षणी 'एवीतेवी' हा शब्द उच्चारावा. एवीतेवी आज चुकलेच आहे, तर हा आठवडा जाऊ द्यावा. एवीतेवी आठवडा गेलाच आहे, तर वडापाव मागवावा. जेनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी डाएट करणाऱ्यांत हीच वृत्ती अभ्यासली: आखलेली मर्यादा एकदा ओलांडली, की माणूस थोडक्यावर थांबत नाही. त्यांना आपला शब्द ठाऊक असता, तर बरेच काम वाचले असते.

एका संगतीपासून मात्र जपावे. आमच्या शेजारच्या आजी सकाळचा चहा झाला की कप विसळून पालथा घालतात, दाराआडची पिशवी घेतात आणि चपला सरकवून डेअरीपर्यंत जाऊन येतात. वाटेतली दोन दुकाने सोडून त्यांना लांबचीच डेअरी लागते. मुहूर्त नाही, बूट नाहीत, पावले मोजणारे घड्याळ नाही. अशा गाफीलपणानेच सवय जडते. रोज एवढे चालणे कसे जमते, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्या गोंधळल्या.

"चालते कुठे? दूध आणते," म्हणाल्या.