स्क्रू कुणाचा ढिला?

पन्नास मीटरवरच्या टार्गेटमधलं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं. म्हणजे शर्टाचं बटण. पाऊस सुरू झाल्यापासून माझ्या पॉइंट टू-टू रायफलच्या गोळ्या ते बटण सोडून कॉलर, खिसा, बाही असं सगळं शिवत सुटल्या होत्या. याच अंतरावरून स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. आमच्यात सारखं एवढंच, अंतर.

वरळीच्या शूटिंग रेंजवर रोगाचं निदान फुकट मिळतं. एक म्हणाले, गोळ्यांचा लॉट, म्हणजे खेप, बदला. (हे खरंय. कुठल्या लॉटच्या गोळ्या मानवतील याबाबत नळीचे नखरे जावयापेक्षा जास्त.) दुसरे म्हणाले, नळीत शिसं साचलंय. तिसऱ्यांना नळीच्या तोंडाशी टवका उडाल्याचा संशय. आमच्या सरांनी फक्त विचारलं, "रायफलचा दस्ता लाकडी ना? पावसात घरची दारं फुगतात का?"

फुगतात म्हणजे? बाथरूमचं दार जूनमध्ये अडकतं ते दिवाळीला सुटतं.

"मग लाकूड ते लाकूडच. फुगलं की त्यात स्क्रूने बसवलेल्या अ‍ॅक्शनवरचा, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेवरचा, ताण बदलतो. स्क्रू तपास. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दहा गोळ्या मारायच्या, वहीत लिहायचं, मग दुसरी."

मी मान डोलावली. वहीसुद्धा आणली, दोनशे पानी.

घरी बायको म्हणाली, "अरे, तू डोळे मिटत असशील. लग्नाच्या अल्बममध्ये बघ."

रविवारी धीर सुटला. फडकी पांढरी निघेपर्यंत नळी पुसली, दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने सारखे आवळले, लॉट बदलला, चष्म्याची काच बदलली, आणि हाताशी आलेत म्हणून मोजेही बदलले. दहा गोळ्या मारल्या. सगळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशा!

"वा! काय होतं?" सरांनी विचारलं.

"स्क्रू," मी ठोकून दिलं.

"लिहिलंस?"

वही कोरी होती. अजून आहे. आता कशालाच हात लावायची छाती होत नाही. नळी पुसायला झालीय, पुसत नाही. स्क्रूकडे तर नुसतं बघतो.

बायको रोज विचारते, ते मोजे धुवायला टाकू का? त्या लॉटच्या दीडशे गोळ्या उरल्यात. त्या संपेपर्यंत नाही.